दंतवैद्यांची टॉफी

डॉक्टर टॉफी करणार आहेत, ही बातमी दूधवाल्याच्या आधी सगळ्या मजल्यांवर पोचली, आणि प्रत्येक मजल्यावर ती दोनदा सांगावी लागली. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटे, आपल्याच कानात काहीतरी बिघाड आहे. कारण हे डॉक्टर म्हणजे तळमजल्यावरचे दंतवैद्य. अग्निशमन दलातल्या माणसाने फटाक्यांची एजन्सी घ्यावी, तसलाच हा प्रकार होता.

डॉक्टर माणूस मोठा सज्जन. हात हलका, बोलणं मऊ. पण एक खोड होती. समोर कुणी काही खाऊपिऊ लागलं की त्यांना सल्ला दिल्यावाचून राहवत नसे. चहा इतका गरम पिऊ नका, आणि त्यावर लगेच गार पाणी तर मुळीच नको. सरबत नळीने प्या, तोंडात खेळवत बसू नका. गोड खायचंच तर जेवणाबरोबर खाऊन मोकळे व्हा, दिवसभर चघळत राहू नका. आंबट फळ खाल्लं की लगेच ब्रश घेऊन धावू नका, आधी नुसती चूळ भरा. सगळे सल्ले अगदी बरोबर होते आणि म्हणूनच ते लोकांना जास्त झोंबत. समारंभाला त्यांना आग्रहाने बोलावलं जाई आणि जेवायच्या टेबलावर शक्य तितकं लांब बसवलं जाई.

त्या इमारतीत पानगळीच्या सुट्टीत एका रविवारी मुलांसाठी खाऊचा कार्यक्रम असे. प्रत्येक घराने आपापल्या हातचं काहीतरी करून सभागृहातल्या लांब टेबलावर ठेवायचं. कुणी केक, कुणी बिस्किटं, कुणी सफरचंदाच्या वड्या. डॉक्टरांच्या घरून दर वर्षी टूथब्रश जात. मुलं ते घेत, "थँक्यू काका" म्हणत आणि दोन पावलं मागे सरकत. डॉक्टरांना मूलबाळ नव्हतं. ती दोन पावलं त्यांना दिसत, आणि ती दिसतात हे ते कुणाला दिसू देत नसत.

यंदा मात्र त्यांची धाकटी बहीण सुट्टीला आली होती, लेकीला घेऊन. लेक पहिलीतून दुसरीत गेलेली. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. मागच्या सुट्टीत तिची एक किडलेली दुधाची दाढ मामाने काढली होती. तेव्हापासून मामा खोलीत आला की भिंगरी दुसऱ्या दाराने बाहेर जाई. जेवताना ती आईच्या आडून खाई. मामाने "कशी आहेस?" विचारलं की ती ओठ घट्ट मिटून नुसती मान हलवी. परक्या मुलांनी दोन पावलं मागे सरकणं एक वेळ चालतं, पण सख्ख्या भाचीने आपल्याला बघून कपाटात शिरावं, हे डॉक्टरांच्या फार मनाला लागलं.

त्यांच्या बायकोच्या हे लक्षात आलं. ती एकदा चहाच्या वेळी म्हणाली, "भिंगरी, यंदा टूथब्रश नाहीत बरं का. मामा स्वतः खाऊ करणार आहे. सांग, काय करू दे?"

डॉक्टरांना ही बातमी तेव्हाच कळली. 

भिंगरीने आईच्या पाठीमागून विचार केला. मग ती म्हणाली, "टॉफी. लांब ओढली जाते ती. दातांना चिकटते ती."

हे तिने अशा हिशेबाने म्हटलं होतं की आता बोलणंच संपलं. टॉफी म्हणजे मामाच्या घरात न होणारी गोष्ट. डॉक्टरांनी कप खाली ठेवला. दवाखान्याच्या भिंतीवर टॉफीचं चित्र होतं आणि त्यावर लाल फुली होती. ती फुली त्यांनी स्वतः मारली होती.

"करतो," ते म्हणाले.

खालून वर बातमी जाते तसे वरून खाली सल्ले येतात. पहिल्या आल्या त्या समोरच्या काकू. त्यांचं स्वयंपाकघर साऱ्या इमारतीत नावाजलेलं. त्या दारातच म्हणाल्या, "डॉक्टर, टॉफीचं सगळं पाकावर असतं. गार पाण्यात थेंब टाकायचा, बोटाने वळायचा. मऊ गोळी झाली की लगेच उतरवायचं. पुस्तकात बघू नका, बोटांना विचारा."

काकू गेल्या आणि वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक उतरले. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "बोटं हे मोजमापाचं साधन नव्हे, डॉक्टर. हा घ्या थर्मामीटर. आणि साखर सतत ढवळत राहा, उष्णता सगळीकडे सारखी पोचली पाहिजे."

प्राध्यापक आणि काकू यांचं पाण्याच्या टाकीवरून वाजलं होतं आणि तेव्हापासून ते एकमेकांशी बोलत नसत. आता त्यांना बोलायला डॉक्टर मिळाले. काकू म्हणत, "वरच्यांना सांगा, मी आयुष्यभर बोटांनीच पाक केलाय." प्राध्यापक म्हणत, "समोरच्यांना सांगा, आयुष्यभर करत राहणं हा पुरावा होत नाही." डॉक्टर दोघांनाही मान डोलावत. दाताचं दुखणं सांगणाऱ्या माणसापुढे मान डोलवायची त्यांना सवय होती.

तिसरा अडथळा चेअरमनांचा. चेअरमन वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले, ताठ चालणारे, आणि बोलताना स्वतःचं बोलणं ऐकणारे गृहस्थ. जिन्याखाली सोसायटीचं ऑफिस होतं. तिथे त्यांनी डॉक्टरांना बोलावून घेतलं.

"बसा. विषय नाजूक आहे," ते म्हणाले. "आपण दंतवैद्य. आपण मुलांना टॉफी देणार. त्या टॉफीने दात किडणार. किडलेला दात घेऊन मूल कुणाकडे येणार?"

"माझ्याकडे," डॉक्टर म्हणाले, आणि मग त्यांना कळलं.

"म्हणजे मागणीही आपलीच आणि पुरवठाही आपलाच. समितीत हा मुद्दा आलाय."

समितीत हा मुद्दा चेअरमनांनीच आणला होता, पण ते महत्त्वाचं नव्हतं. डॉक्टरांचे कान लाल झाले. इतक्या वर्षांत त्यांच्यावर कुणी असा आळ घेतला नव्हता. ते म्हणाले, "एका टॉफीने दात किडत नाही. आणि तरी कुणाला काही झालंच, तर मी फुकट बघीन."

"हे तर आमिष झालं," चेअरमन म्हणाले आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

शेवटी तोडगा निघाला. डॉक्टरांनी रीतसर अर्ज करायचा. टॉफीत काय काय आहे ते ताटासमोर चिठ्ठीवर लिहायचं. आणि मुलांना वाटण्याआधी पहिली टॉफी स्वतः चेअरमन सर्वांसमोर खाऊन बघतील.

इथे डॉक्टर अडकले, आणि का अडकले ते सांगायला हवं. चेअरमनांचे दात ही त्या इमारतीतली एक देखणी गोष्ट होती. एकसारखे, पांढरेशुभ्र, ओळीत उभे. चेअरमन या वयातही त्यांचं कौतुक ऐकून घेत आणि "लहानपणापासून काळजी घेतली" असं सांगत. डॉक्टरांनी मात्र पहिल्या भेटीतच ओळखलं होतं की वर कवळी आहे आणि खालीही कवळी आहे. चांगल्या कारागिराने, दूरच्या कुठल्या तरी गावात बनवलेली. चेअरमन त्यांचे पेशंट नव्हते, तरी आपल्या धंद्यात कळलेली गोष्ट तोंडातून बाहेर काढायची नाही, हा डॉक्टरांचा नेम होता. स्वतःच्या बायकोलाही त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

ते चाचरत म्हणाले, "आपण कशाला त्रास घेता. म्हणजे साखर, लोणी, आणि एकूण या वयात..."

"माझं वय काढू नका, डॉक्टर. या दातांनी मी आजही अक्रोड फोडतो."

डॉक्टरांनी त्या दातांकडे बघितलं, मग जमिनीकडे बघितलं आणि अर्जावर सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखाना बंद असताना टॉफीला हात घातला. डॉक्टरांनी पांढरा कोट चढवला, तोंडाला मास्क लावला, हातमोजे घातले आणि चमचे, सुरी, थर्मामीटर असं सगळं स्टीलच्या ट्रेमध्ये ओळीने मांडलं.

बायको बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, साखर वितळवायचीये. तिची दाढ काढायची नाहीये."

 साखर वितळू लागली, कडेने छान सोनेरी झाली, आणि तेवढ्यात फोन वाजला. एका बाईंची अक्कलदाढ ठणकत होती. डॉक्टरांनी त्यांना कोमट मिठाच्या पाण्याची चूळ कशी भरायची, किती वेळ भरायची, हे शांतपणे समजावलं. पेशंटला मधेच तोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते परत आले तेव्हा पातेल्यात डांबर होतं आणि दारात काकू उभ्या होत्या, नाकाला पदर लावून.

"पातेलं टाकू नका," त्या म्हणाल्या. "पाणी आणि चमचाभर सोडा घालून उकळा. सगळं सुटून येईल."

आलंही. काकूंचा हा सल्ला पूर्ण खरा निघाला, म्हणून डॉक्टरांनी तो लक्षात ठेवला.

दुसऱ्या खेपेला फोन काढून ठेवला. प्राध्यापकांच्या सांगण्याप्रमाणे डॉक्टर पाक सतत ढवळत राहिले, हात भरून येईपर्यंत ढवळत राहिले, आणि बघता बघता सगळा पाक रवाळ झाला, कोरडा पडला आणि पुन्हा साखर होऊन बसला. इतका वेळ राबून डॉक्टरांनी साखरेपासून साखर केली.

"पाक होईपर्यंत ढवळायचं नसतं हो," काकू म्हणाल्या. "आणि लिंबाचे दोन थेंब टाकायचे, म्हणजे पाकाची परत साखर होत नाही. वरच्यांना सांगा."

वरच्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आम्ल. मी तेच म्हणणार होतो."

तिसऱ्या खेपेला पाकाची गोळी वळायला गेले आणि थेंब पाण्यात पडायच्या आधी बोटावर पडला. दंतवैद्याचं बोट म्हणजे त्याची रोजीरोटी. ते पट्टी बांधून दवाखान्यात गेले तेव्हा पहिल्याच पेशंटने सहानुभूतीने विचारलं, "कुणी चावलं का?" त्या दिवशी दवाखान्यात जो आला त्याने हेच विचारलं, आणि डॉक्टरांना 'हो' म्हणणं सोपं वाटलं.

घाईने उतरवलेला तो पाक काही आळला नाही. पातळच राहिला. बायकोने तो बरणीत भरला. घरातल्यांनी तो दुधात घातला, कॉफीत घातला, पावाला लावला. डॉक्टरांनीही लावला, पाठमोरं उभं राहून. इतकी वर्षं लोकांना जे जे करू नका म्हणून ते सांगत आले होते, ते सगळं त्या आठवड्यात त्यांच्या हातून झालं.

बहीण म्हणाली, "दादा, पुरे आता. दुकानातून आणू, कागद बदलू. कुणाला कळणार आहे?"

"मला," डॉक्टर म्हणाले.

खरं कारण वेगळंच होतं. पहिली खेप करपली तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीत एक डोळा दिसला होता. डॉक्टरांनी मान वळवली तसा तो गेला. दुसऱ्या खेपेला फट थोडी मोठी झाली होती. तिसऱ्या खेपेला ते बोट नळाखाली धरून उभे होते तेव्हा दाराआडून आवाज आला, "परत बिघडली?"

वर्षभरात भाची त्यांच्याशी बोललेले हे पहिले शब्द. डॉक्टरांनी मान वळवली नाही. ते नळाकडे बघून म्हणाले, "हो."

"मग परत करणार?"

"करणार."

 मग पळत गेलेल्या पावलांचा आवाज आला. डॉक्टरांनी बोट पुसलं आणि लोण्याचं नवं पाकीट काढून ठेवलं.

चौथ्या खेपेला मात्र सगळं जमून आलं. साखर गडद मधासारखी झाली, लोणी आणि साय त्यात फेसाळत मिसळली, थर्मामीटर आणि बोट या दोघांनीही एकाच वेळी होकार दिला. थाळीत ओतलेली टॉफी गार झाल्यावर डॉक्टरांनी एक तुकडा ओढला. तो लांबला, मऊपणे लांबला, तुटला नाही. बायको आणि बहीण कागदात गुंडाळायला बसल्या. डॉक्टर खुर्चीत टेकले, एखादी अवघड शस्त्रक्रिया पार पडावी तसे.

इथेच थांबायला हवं होतं. पण काकू बघायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "उकडतंय. बाहेर ठेवाल तर सगळी कागदाला चिकटेल. फ्रिजमध्ये ठेवा." काकूंचा सोड्याचा सल्ला खरा निघाला होता. डॉक्टरांनी फ्रिजमध्ये ठेवली. रविवारी तिथून काढून ताट तसंच सभागृहात नेलं.

टेबल भरलं होतं. काकूंचा गाजराचा केक, प्राध्यापकांचं लिंबू सरबत, त्यावर आम्लाचं प्रमाण लिहिलेलं. डॉक्टरांचं ताट आलं तसे आईबाप एकमेकांकडे बघून दात काढायला लागले. मुलं सवयीने दोन पावलं मागे सरकली होती. ताटात टूथब्रश नाहीत हे कळल्यावर एक पाऊल पुढे आली. भिंगरी कुठे दिसत नव्हती.

चेअरमन माइकपुढे उभे राहिले. "समितीने घातलेल्या अटीनुसार," त्यांनी सुरुवात केली आणि पुष्कळ वेळाने टॉफीपर्यंत आले. डॉक्टरांनी ती हातात देताना बोटांनी चाचपली. दगड. आतून चिकट आणि वरून दगड.  ते चेअरमनांच्या कानाशी लागले, "नुसती तोंडात धरा. चावू नका. कृपा करून चावू नका."

चेअरमनांनी माइक जवळ घेतला. "डॉक्टर म्हणतात, चावू नका. आपण चावून दाखवू."

आणि त्यांनी चावली.

कट् असा आवाज माइकमधून सगळ्या सभागृहाला ऐकू गेला. मग काहीच ऐकू आलं नाही. चेअरमन उभे होते. त्यांनी बोलायला तोंड उघडायचा प्रयत्न केला, पण ते उघडेना. भुवया वर गेल्या, गालांची हालचाल झाली, आणि नाकातून फक्त "म्म्म" असा सूर निघाला. लोकांना वाटलं, पसंती दिली. टाळ्या पडल्या.

डॉक्टरांनी मात्र ओळखलं. आत वरची आणि खालची कवळी टॉफी मधे घेऊन एकमेकींना मिठी मारून बसल्या होत्या. चेअरमन जोर लावू लागले, तर दोन्ही एकत्र बाहेर येतील, मुलांसमोर, माइकसमोर. चेअरमनांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हा माणूस आपल्यावर काय काय बोलला होता ते डॉक्टरांना त्या क्षणी आठवलं नाही. तोंड न उघडता मदत मागणारे असे डोळे त्यांनी रोज खुर्चीत बघितलेले होते.

त्यांनी शांतपणे माइक काढून घेतला. "चेअरमनसाहेबांना पाककृतीबद्दल मला काही खाजगी सूचना द्यायच्या आहेत. तोवर मुलांनी खाऊ घ्यावा."

आणि दंड धरून ते चेअरमनांना सभागृहामागच्या खोलीत घेऊन गेले. तिथे घडीच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या असत. दार लावलं तसा अंधार झाला. तिथला दिवा गेलेला होता आणि तो बदलायचा ठराव समितीपुढे होता. चेअरमनांनी खिशातून बॅटरी काढून दिली. मीटर तपासायला ती ते कायम जवळ ठेवत.

डॉक्टरांनी ती एका हातात धरली, तर काम एका हाताने होईना. तोंडात धरली, तर सूचना देता येईना.

"मी धरू?" खुर्च्यांच्या मागून आवाज आला.

दोघेही दचकले. खुर्च्यांच्या मधल्या फटीतून भिंगरी बाहेर आली. मामा स्टेजजवळ दिसला तशी ती नेहमीप्रमाणे लपायला इथे आली होती, आणि लपायची जागाच दवाखाना झाली. चेअरमनांनी तिला पाहून भिंतीकडे तोंड फिरवलं.

डॉक्टर खाली वाकले. "भिंगरी, इथे जे दिसेल ते बाहेर कुणाला सांगायचं नसतं. डॉक्टरकडचं डॉक्टरकडे राहतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मागच्या वर्षी मी किती रडले ते तू आईला नाही सांगितलंस."

 त्यांनी बॅटरी तिच्या हातात दिली. मग म्हणाले, "कोमट पाणी लागेल. चहाच्या टेबलावरून आणशील?"

ती गेली आणि कपभर पाणी घेऊन आली. "कुणी विचारलं नाही ना, कशाला म्हणून?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणालाच विचारता येत नाही. सगळ्यांची तोंडं चिकटलीत."

डॉक्टरांनी बाहेरचा विचार तूर्त बाजूला ठेवला. ते चेअरमनांना म्हणाले, "नाकाने श्वास घ्या. घाई नाही. दुखलं तर हात वर करा."

चेअरमनांनी लगेच हात वर केला.

"अजून सुरू नाही केलं, काका," भिंगरी प्रकाश नीट धरत म्हणाली. "मी पण आधीच वर केला होता."

डॉक्टर ओठांच्या कडेने थोडं थोडं कोमट पाणी आत सोडत राहिले, थांबत राहिले, अंगठ्याने हलकेच चाचपत राहिले. टॉफी हट्टी होती, आणि ती कुणाच्या हातची होती हे त्यांना माहीत होतं. शेवटी ती मऊ पडली. बंद पाकिटासारख्या दोन्ही कवळ्या एकदम त्यांच्या तळहातावर आल्या.

चेअरमनांचा चेहरा निम्मा झाला. गाल आत गेले, हनुवटी वर आली, आणि तो ताठ माणूस एकदम कुणाचा तरी थकलेला आजोबा दिसू लागला. त्यांनी रुमाल तोंडावर धरला. भिंगरी मामाच्या तळहातावर प्रकाश टाकून बघत होती, अगदी जवळून, न घाबरता. मग तिने प्रकाश वर नेला.

"काका, तुमचे सगळेच पडले?" तिने विचारलं. "माझा तर एकच हलतोय."

 मग रुमालामागे चेअरमनांचे खांदे हलायला लागले. डॉक्टरांना वाटलं, रडतात. पण ते हसत होते.

"फगळेच, बाळ," ते म्हणाले. "फगळेच."

डॉक्टरांच्या कानात मात्र 'हलतोय' हा शब्द अडकला होता. "कुठला हलतोय?" त्यांनी विचारलं. भिंगरीचे ओठ तत्काळ मिटले. डॉक्टरांचा हात सवयीने पुढे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला.

"बरं," ते म्हणाले, "तुझा दात आहे, तू म्हणशील तेव्हा," आणि उरलेल्या पाण्यात कवळ्या धुवायला लागले.

ते बाहेर आले तेव्हा सभागृहात चिटपाखरू नसावं अशी शांतता होती. आणि सभागृह तर भरलेलं होतं. सगळी मुलं खुर्च्यांवर बसून तोंडातली टॉफी जिरवत होती. कुणाला ओरडता येत नव्हतं, कुणाला भांडता येत नव्हतं. आईबाप इतक्या वर्षांत पहिल्यांदाच या कार्यक्रमात गरम चहा गरम असताना पीत होते. काकू आणि प्राध्यापक शेजारीशेजारी उभे होते, दोघांचेही गाल फुगलेले, आणि दोघे एकमेकांना हातवारे करून काहीतरी समजावत होते. टाकीनंतरचा त्यांचा हा पहिला थेट संवाद.

चेअरमन माइकपुढे गेले. बोलायच्या आधी त्यांनी जिभेने एकदा सगळं जागेवर आहे ना ते बघितलं. "समितीच्या वतीने सांगतो," ते म्हणाले, "टॉफी टिकाऊ आहे. समितीची हरकत नाही." आणि पुढचं भाषण न करता ते खाली बसले. हेही पहिल्यांदाच घडत होतं.

मग आया कृती विचारायला आल्या. डॉक्टरांनी ती मनापासून सांगितली. लिंबाचे दोन थेंब, ढवळायचं नाही, फ्रिजमध्ये तर अजिबात ठेवायची नाही, आणि चिकटलीच तर ओढाताण न करता कोमट पाणी. दातांवर भार येऊ देऊ नका, असं ते म्हणणार होते, पण त्या दिवशी ते एवढ्यावरच थांबले.

अंगणात पानं पडली होती. घराकडे जाताना भिंगरी आईचा हात सोडून त्यांच्या बाजूने चालायला लागली. पायाने पानं उडवत ती म्हणाली, "टॉफी कडक झाली जरा."

"हो," डॉक्टर म्हणाले.

"पण चव चांगली होती."

डॉक्टर चालत राहिले. घराच्या पायरीशी आल्यावर ती थांबली. "उद्या काढ. पण बॅटरी चेअरमनकाकांनी धरायची. मी त्यांची धरली ना."

"अगं, दवाखान्यात मोठा दिवा आहे. बॅटरी कशाला?"

"तरी पण."

डॉक्टर तसेच जिना चढून गेले आणि चेअरमनांची बेल वाजवली. त्यांनी निरोप सांगितला, चेअरमनांनी तो ऐकून घेतला आणि यावर काहीही न बोलता दार लावलं. त्यामुळे ते येतील की नाही, याची डॉक्टरांना खात्री नव्हती.

पण सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच ते दाराशी उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून, बॅटरीत नवे सेल भरून. भिंगरी खुर्चीत चढून बसली. तिने स्वतः तोंड उघडलं. मोठा दिवा लागलेला होता, तरी चेअरमनांनी बॅटरी पेटवली आणि नेमकी दातावर धरली.

"दुखेल?" भिंगरीने विचारलं.

"थोडं," डॉक्टर म्हणाले. "मग थांबेल."

ती म्हणाली, "बरं."

डॉक्टरांनी चिमटा घेतला. भिंगरी मामाकडे टक लावून बघत होती. दात निघाला तेव्हा बॅटरीचा प्रकाश सरकून छताला गेला, कारण चेअरमनांनी डोळे गच्च मिटून घेतले होते.